आठवडाभर जमलेल्या चिप्स एका रात्रीत का जातात: ऑनलाइन पोकरमधली गळती शोधायची कशी

तक्रार बहुतेकांची एकच असते. सोमवार ते गुरुवार चिप्स हळूहळू वाढतात, दहा हजारांचे चौदा-पंधरा हजार होतात, आणि शुक्रवारी रात्री जेवण उरकून बसलं की दोन मोठ्या डावांत सगळं साफ. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. महिन्याचा हिशेब केला तर जिथे होतो तिथेच, नाहीतर थोडं खाली. काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं: "रिव्हरला त्याला पान लागलं." रिव्हर म्हणजे टेबलावर उघडणारं पाचवं, शेवटचं पान.

कधीकधी खरंच लागतं. पण दर आठवड्याला लागत असेल तर दोष पानांचा नाही. ठाण्यातल्या जुन्या सोसायटीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ओल दिसते दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमच्या छताला आणि पाणी मुरत असतं वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून. छताला कितीही रंग मारा, पुढच्या पावसाळ्यात डाग परत हजर. पोकरमध्येही चिप्स जाताना दिसतात रिव्हरला, पण पाणी शिरलेलं असतं फ्लॉपच्या आधी, म्हणजे टेबलावर पहिली तीन पानं उघडण्याआधी, एखाद्या स्वस्त वाटलेल्या कॉलमधून (दुसऱ्याने लावलेत तेवढेच आपणही टाकणं). म्हणून तपासणी उलटी, म्हणजे वरून खाली करायची.

इथली सगळी उदाहरणं सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेम कॅश टेबलाची आहेत: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. ब्लाइंड, म्हणजे दोन सीटवाल्यांनी पानं बघण्याआधी सक्तीने टाकायच्या चिप्स, ५०/१०० (स्मॉल आणि बिग) आणि प्रत्येकासमोर १०,००० चिप्स, म्हणजे १०० बिग ब्लाइंड. तुमचं टेबल लहान-मोठं असेल तर त्या प्रमाणात बदलून घ्या.

कायद्याचं आधीच सांगून टाकू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे व्यवहार बँकांमार्फत होऊ देणं या तिन्हींना त्यात बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या जुन्या वादाला त्यात जागाच ठेवलेली नाही. त्यामुळे इथे चिप्स म्हणजे फुकटच्या चिप्स. व्हीपीएन लावून, क्रिप्टो भरून परदेशी साइटवर खेळा असं सांगणारे टेलिग्रामवर पैशाला पासरी मिळतील. तिथे रक्कम अडकली की दाद कुठे मागायची, हे मात्र त्यातलं कोणी सांगत नाही.

टेबल चुकीचं असेल तर पुढचं सगळं वाया

फुकट चिप्सवर खेळ सुधारत नाही हे अर्धंच खरं आहे. सगळ्यात खालच्या टेबलावर सुधारत नाही. तिथे चिप्स संपल्या की काही तासांत ॲप पुन्हा भरून देतं, त्यामुळे लोक पहिल्याच डावाला ऑल-इन जातात. त्या गर्दीत तुम्ही काय बरोबर केलं आणि काय चूक, हे कळायला मार्ग नाही. दोन-तीन पायऱ्या वर जा, जिथे एका बाय-इनच्या, म्हणजे टेबलावर बसताना घ्यायच्या, चिप्स जमवायला लोकांना चार-सहा दिवस लागतात. तिथे माणसं पत्ते टाकायला लागतात आणि खेळाला पोकरचं रूप येतं. लॉबीत सरासरी पॉटचा (एका डावात मध्ये जमणाऱ्या चिप्सचा) आकडा दाखवत असतील तर तो बघून टेबल निवडा. सरासरी पॉट ४० बिग ब्लाइंडच्या वर असेल तर ते टेबल सोडा.

वर जायचं कधी? त्या टेबलाचे किमान ३० बाय-इन जमले की. १०,०००चं टेबल असेल तर ३,००,००० चिप्स. २० बाय-इनच्या खाली आलात की एक पायरी उतरा. चिप्सचं पॅक विकत घेऊन ही अट पूर्ण करू नका. ते पैसे परत येत नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे गळती झाकली जाते.

वही

हँड हिस्टरी, म्हणजे खेळलेल्या डावांची नोंद, उतरवून देणारं ॲप असेल तर उत्तमच. बऱ्याच फुकट ॲपांमध्ये ती सोय नसते, तेव्हा साधी दोनशे पानी वही पुरे. प्रत्येक डाव लिहायचा नाही, तसं केलं तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. २० बिग ब्लाइंडच्या वर पॉट गेला तेवढेच डाव लिहायचे, पाच रकान्यांत: तुमची जागा, तुमची दोन पानं, फ्लॉपच्या आधी तुम्ही काय केलं, किती आले किंवा गेले, आणि शेवटी समोरच्याने काय दाखवलं. तिसरा रकाना लोक गाळतात, आणि सगळ्यांत कामाचा तोच.

जोडीला आणखी एक मोजणी. शंभर डावांत आपल्या मर्जीने किती वेळा चिप्स घातल्या, त्याच्या काड्या मारा. सक्तीचे ब्लाइंड यात धरायचे नाहीत. पाच काड्यांचा गठ्ठा, किराणावाला करतो तसा. त्यातल्या ज्या वेळी रेझ करून, म्हणजे रक्कम वाढवून, आत आलात तिथे काडीला गोल करा. एकूण काड्या म्हणजे तुमचा व्हीपिप, गोल केलेल्या म्हणजे तुमचा प्री-फ्लॉप रेझ. सहा जणांच्या टेबलावर घट्ट आणि नीट खेळणाऱ्याचे हे आकडे साधारण २२ आणि १८ च्या आसपास असतात. चिप्स एका रात्रीत घालवणाऱ्याचे बहुतेक वेळा ४५ आणि ६. दोन आकड्यांत आठाहून जास्त फरक असेल तर तुम्ही कॉल आणि लिंप (रेझ न करता फक्त बिग ब्लाइंडएवढं टाकणं) करत आत शिरता, आणि गळती तिथेच आहे.

हिशेब करून बघा. हजार डावांत ४५ टक्के म्हणजे ४५० डाव, २२ टक्के म्हणजे २२०. जास्तीचे २३० डाव झाले. समजा त्यातला प्रत्येक डाव सरासरी फक्त अर्धा बिग ब्लाइंड खातो, तरी ११५ बिग ब्लाइंड गेले. एक पूर्ण स्टॅक (तुमच्यापुढची चिप्सची थप्पी), आणि तोही एकही मोठा पॉट न हरता.

शंभर-दोनशे डावांवरून जिंकतोय की हरतोय हे ठरवू नका. या खेळात चढ-उतार इतका मोठा असतो की प्रमाण विचलन शंभर डावांना ९० बिग ब्लाइंडच्या आसपास निघतं. हजार डावांवर ते साधारण २८५ होतं. म्हणजे दर शंभर डावांना ५ बिग ब्लाइंड कमावणारा चांगला खेळाडू हजार डावांनंतर सरासरीने ५० वर असायला हवा, पण दोन-अडीच स्टॅक खाली असला तरी त्यात नवल नाही. एका टेबलावर तासाला ६०-७० डाव होतात, तेव्हा हजार डाव म्हणजे पंधरा तास. निकाल लागायला वेळ लागतो, सवय मात्र लवकर दिसते. काड्यांची मोजणी चारशे-पाचशे डावांतच खरं सांगायला लागते, म्हणून सुरुवात तिथून.

एक डाव, जवळून

वहीत सगळ्यात जास्त वेळा सापडणारा डाव बहुतेक असा असतो.

पहिल्या जागेवरचा माणूस ३०० रेझ करतो. तो घट्ट खेळणारा आहे, तासभरात क्वचितच आत आलाय. तुम्ही स्मॉल ब्लाइंडला, हातात इस्पिक एक्का आणि चौकट नव्वी. ५० आधीच गेलेत, अजून २५० टाकायचे. "एक्का आहे, बघू तर." कॉल. बिग ब्लाइंड टाकून देतो. पॉट ७००.

फ्लॉप: चौकट एक्का, किलवर सत्ती, इस्पिक पंजी. वरची जोडी लागली. तुम्ही चेक (काही न लावता पुढे), तो ४५० लावतो, तुम्ही कॉल. पॉट १,६००. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, बदाम गुलाम. चेक, तो १,१००, कॉल. पॉट ३,८००. रिव्हरला किलवर दुर्री, कोणाला काही लागेल असं पान नाही. चेक. तो २,८०० लावतो. तुम्ही थोडं थांबता, "बघायलाच पाहिजे" म्हणून कॉल करता. तो एक्का-राणी दाखवतो. ४,६५० गेले.

बहुतेक जण वहीत या डावासमोर 'किकर मार खाल्ला' (किकर म्हणजे जोडीसोबतचं दुसरं पान) असं लिहून पुढे जातात. आता रिव्हरचा कॉल मोजून बघू. २,८०० घालून एकूण ९,४०० चा पॉट मिळणार, म्हणजे जिंकण्याची शक्यता निदान २९.८ टक्के हवी. समोरचा तीन वेळा लावतो तेव्हा त्याच्याकडे काय असू शकतं? एक एक्का तुमच्या हातात, एक टेबलावर, उरले दोन. एक्का-राजाच्या जोड्या २×४ म्हणजे ८. एक्का-राणी ८. एक गुलाम टेबलावर आहे, म्हणून एक्का-गुलाम ६. गुलामांची जोडी ३ प्रकारे, सत्तींची ३, पंजींची ३, एक्क्यांची १. तुम्हाला हरवणारे एकूण ३२. कॉल फायद्याचा ठरायला त्याच्याकडे निदान १४ ब्लफ हवेत. एकाच सूटचे राजा-राणी, राजा-दश्शी, राणी-दश्शी, प्रत्येकी ४, मिळून १२. आणि हे बाराच्या बारा त्याने तिन्ही वेळा ढकलले पाहिजेत. खालच्या टेबलांवर घट्ट माणूस असं करत नाही.

म्हणजे रिव्हरचा कॉल चूक होताच. टर्नचाही जवळपास चूक. पण गंमत अशी की फ्लॉपला एक्का पडल्यावर तुम्हाला पत्ते टाकवणारच नव्हते, कोणालाच टाकवत नाहीत. ही परिस्थिती विकत घेतली ती २५० टाकून. पहिल्या जागेवरून रेझ करणाऱ्याच्या हातात एक्का असेल तर त्याचं दुसरं पान जवळजवळ नेहमी नव्वीहून मोठं असतं. एक्का पडला नाही तर तुम्ही हरता थोडं, पडला तर हरता खूप. वर पूर्ण डाव तुम्हीच आधी बोलायचं.

वहीतल्या प्रत्येक मोठ्या तोट्यावर हेच करा: शेवटचा रकाना झाका आणि तिसऱ्यापासून वाचा. दहापैकी सहा-सात डावांत तिसऱ्या रकान्यात 'कॉल' दिसला, की कुठे सील करायचं ते कळलं.

जागा आणि पानं

दोन पानांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात. पहिल्या जागेवरून, म्हणजे बिग ब्लाइंडच्या लगेच पुढच्या सीटवरून, एवढंच खेळा: सत्ती ते एक्का सारख्या पानांच्या सगळ्या जोड्या, एकाच सूटमध्ये एक्क्याबरोबर दश्शी किंवा वरचं, राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी, आणि वेगळ्या सूटमध्ये एक्का-गुलाम किंवा वरचं आणि राजा-राणी. मोजलं तर १२८ जोड्या, म्हणजे दहा टक्क्यांच्या जरा आत. कंजूष वाटेल. वाटू दे.

बटनवर, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलायच्या सीटवर, आणि तुमच्या आधी सगळ्यांनी पत्ते टाकले असतील तर, हेच साधारण पाव पानांपर्यंत वाढवता येतं. सगळ्या जोड्या, एका सूटचा कुठलाही एक्का, वेगळ्या सूटचा एक्का अठ्ठीपर्यंत, राजा आणि राणी दश्शीपर्यंत, आणि नव्वी-अठ्ठी किंवा अठ्ठी-सत्ती असली एका सूटची शेजारची पानं. मधल्या दोन जागा या दोन टोकांच्या मध्ये. आत यायचं तर रेझ करूनच, अडीच ते तीन बिग ब्लाइंड. लिंप करून कधीही नाही.

तक्ता पाठ करत बसू नका, हाताला सवय लावा. घरातली पत्त्यांची गड्डी घ्या. पिसा, सहा ठिकाणी दोन-दोन पानं वाटा, एक जागा बटन ठरवा. प्रत्येक जोडी उचलून बघा आणि त्या सीटवरून फोल्ड (पत्ते टाकणं) की रेझ, मोठ्याने बोला. पंधरा वेळा पिसलं की नव्वद निर्णय होतात, वीस मिनिटांचं काम आहे. पहिल्या सीटच्या पंधरा जोड्यांपैकी खेळण्याजोग्या सरासरी एक-दोन निघायला हव्यात. तुम्ही पाच उचलल्यात तर टेबलावरही तेच करताय. आठ दिवस रोज एवढं केलं की पुढच्या काड्यांत फरक दिसतो.

"पण एका सूटची होती" हे कारण वहीत फार वेळा येतं. एका सूटची दोन पानं असली तरी फ्लॉपलाच फ्लश (पाचही पानं एका सूटची) लागण्याची शक्यता ०.८४ टक्के, म्हणजे ११९ वेळांत एकदा. राजा-तिर्री एका सूटची झाली म्हणून राजा-तिर्री असायची राहत नाही.

लहान जोड्यांचं गणित वेगळं. दुर्रीची जोडी घेऊन फ्लॉपला तिसरी दुर्री पडण्याची शक्यता ११.८ टक्के, साधारण साडेआठ वेळांत एकदा. म्हणून कॉल करताना कॉलच्या निदान पंधरा-वीस पट चिप्स दोघांकडेही मागे शिल्लक हव्यात. ३००च्या कॉलला समोरच्याकडे १,८०० च उरले असतील तर टाकून द्या. तिसरी दुर्री लागूनही भरपाई होणार नाही.

तीन पत्तीचा हात

आपल्याकडे पोकरकडे येणारा माणूस बहुधा गणपतीच्या जागरणातली तीन पत्ती खेळून आलेला असतो. पत्ते हातात धरायची सवय चांगलीच, पण तिथल्या तीन गोष्टी इथे नडतात.

पहिली म्हणजे क्रम. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, होल्डेममध्ये फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटपेक्षा (म्हणजे सिक्वेन्सपेक्षा) मोठा. हा कोणाच्या मनाचा नियम नाही, मोजणी आहे. तीन पानांत साधे कलर १,०९६ आणि सिक्वेन्स त्याहून कमी, ७२०. पाच पानांत फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२००. जे दुर्मीळ ते मोठं. एक्का-दुर्री-तिर्रीचंही तसंच. तीन पत्तीत ती बहुतेक ठिकाणी दुसऱ्या क्रमांकाची धरतात, होल्डेममध्ये एक्का ते पंजी ही सगळ्यांत लहान स्ट्रेट. रिव्हरला स्ट्रेट घेऊन फ्लशला पूर्ण स्टॅक देणाऱ्यांत हे विसरलेले बरेच असतात.

दुसरी, बूट. तीन पत्तीत प्रत्येकाने बूट टाकलेली असते, म्हणून प्रत्येक डावात आपलं काहीतरी अडकलेलं असतं आणि 'एक चाल खेळून बघू' याला थोडा तरी अर्थ असतो. होल्डेममध्ये सहापैकी चार जणांचं एक चिपही गेलेलं नसतं. पॅक करणं फुकट आहे. ही सोय वापरत नाही तो व्हीपिप ४५ वर नेऊन ठेवतो.

तिसरी, दाबून पॅक करायला लावणं. तीन पत्तीत चाल वाढवत नेली की माणूस घाबरतो. ऑनलाइन खालच्या टेबलांवर समोरचा घाबरत नाही, त्याला बघायचंच असतं. अर्ध्या पॉटचा ब्लफ बरोबरीत सुटायला तीनातून एकदा फोल्ड मिळायला हवा, पूर्ण पॉटच्या ब्लफला दोनातून एकदा. ज्याने अर्ध्या तासात एकदाही रिव्हरला पत्ते टाकले नाहीत त्याच्यावर ब्लफ म्हणजे देणगी. त्याच्यासाठी उलटा उपाय: चांगली पानं आली की दोन-तृतीयांश ते पूर्ण पॉट लावा, आणि ब्लफ विसरा.

"एक्क्यांची जोडी नेहमी मरते"

नेहमी मरत नाही, गर्दीत मरते. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातासमोर शेवटपर्यंत गेली तर ८५ टक्के जिंकते. दोघांसमोर ७३, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६, आणि पाचही जण आत असतील तर ४९. म्हणजे सगळ्यांना स्वस्तात फ्लॉप दाखवला तर हातातली सर्वोत्तम जोडी नाणेफेकीवर येते. याला 'सापळा लावला' म्हणायचं असेल तर म्हणा.

रेझ किती करायचा याचा साधा नियम: तीन बिग ब्लाइंड, अधिक प्रत्येक लिंपरमागे एक. तिघांनी १००-१०० टाकून लिंप केलं असेल तर ६००. फुकट चिप्सच्या टेबलावर त्यालाही चौघे कॉल करत असतील तर ८०० करून बघा. दोनच कॉल मिळेपर्यंत वाढवा. एवढं करूनही तिघे-चौघे आले, फ्लॉपला एकाच सूटची किंवा लागून तीन पानं पडली आणि दोघांनी रेझ-रेझ सुरू केलं, तर एक्क्यांची जोडी ही एक जोडीच आहे. तिथे टाकून देता येणं हे महिन्यातून दोन स्टॅक वाचवतं.

फ्लशच्या मागे धावणं

चार पानं एका सूटची, पाचवीची वाट. उपयोगी पानं, म्हणजे आउट्स, नऊ. आउट्स गुणिले दोन म्हणजे एका पानावरची टक्केवारी आणि गुणिले चार म्हणजे दोन पानांवरची, हा आडाखा सगळ्यांना पाठ असतो: १८ आणि ३६. खरे आकडे १९ आणि ३५, चालतं. चुकतं ते इथे: गुणिले चार फक्त तेव्हाच, जेव्हा फ्लॉपलाच कोणीतरी ऑल-इन असतं आणि टर्नला पुन्हा पैसे मागितले जाणार नसतात. फ्लॉपला ३६ टक्के धरून कॉल केला, टर्नला त्याने पुन्हा लावलं, पुन्हा कॉल केला. म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे दिले.

टर्नचं उदाहरण घ्या. पॉट १,६००, त्याने १,१०० लावले. कॉलनंतर पॉट ३,८००, म्हणजे २८.९ टक्के हवेत. तुमच्याकडे ४६ पानांत ९, म्हणजे १९.६. सरळ पाहिलं तर फोल्ड. फ्लश लागल्यावर रिव्हरला समोरचा आणखी साधारण १,८२० देणार असेल तरच कॉल बरोबरीत सुटतो. त्याच्याकडे तेवढे शिल्लक आहेत का, आणि टेबलावर त्या सूटचं तिसरं पान पडल्यावर तो देईल का, हे दोन्ही विचारा. घट्ट माणूस देत नाही. आतली स्ट्रेट, मधलं एकच पान हवं अशी, तिचे आउट्स चार आणि टर्नला नऊ टक्क्यांच्या आत. त्यासाठी अर्धा पॉटसुद्धा महाग, कारण अर्ध्या पॉटला २५ टक्के लागतात.

फोन आणि लोकल

काही गळती खेळाची नसतेच. ठाण्याहून वाशीला जाताना ट्रान्स हार्बरच्या अर्ध्या तासात टेबल उघडणारे बरेच आहेत. रबाळे-घणसोलीच्या दरम्यान दाराशी उभं राहून, एका हातात हँडल, अंगठ्याने स्लायडर. नेट अडखळलं की ॲप तुमच्या वतीने चेक किंवा फोल्ड करून मोकळं होतं, आणि तुम्ही घातलेल्या चिप्स पॉटमध्येच राहतात. प्रवासात वही वाचा, आउट्स मोजायचा सराव करा. टेबल घरच्या वायफायवरच उघडा, आणि पावसाळ्यात लाइट जायची लक्षणं असतील तर तेही नको.

सेटिंगमध्ये चार गोष्टी लगेच बदला. चार रंगांची पानं चालू करा: चौकट निळी आणि किलवर हिरवी होते, छोट्या स्क्रीनवर बदाम-चौकटची गल्लत थांबते. स्लायडरऐवजी ३३, ६६ आणि १०० टक्के पॉटची बटनं ठेवा. आपोआप बाय-इन भरणं बंद करा. आणि 'काहीही आलं तरी कॉल' हे आगाऊ टिचकीचं बटन दिसत असेल तर तेही बंद.

शुक्रवारची रात्र

वहीत प्रत्येक मोठ्या तोट्यासमोर वेळ लिहायची सवय ठेवा. बहुतेकांच्या वहीत तोटे एका रात्रीत एकापाठोपाठ येतात, पहिल्यानंतर वीस मिनिटांच्या आत दुसरा. पहिला डाव नशिबाचा असेलही, दुसरा टिल्टचा, म्हणजे डोकं तापून खेळल्याचा, असतो. यावर इच्छाशक्ती चालत नाही, आकडा चालतो. एका बैठकीत दोन बाय-इन गेले की ॲप बंद, दीड तास झाला की बंद, जिंकत असाल तरी बंद. वसुलीसाठी वरच्या टेबलावर जायचं नाही. हे कागदावर लिहून चार्जरजवळ चिकटवलेलं बरं, कारण त्या क्षणी आठवत नाही.

एवढं करूनही आकडा खालीच असेल तर

हजारेक डावांनंतर पुन्हा काड्या मोजा. व्हीपिप २५ च्या आत आला, फरक सहाच्या आत आला, मोठे तोटे कमी झाले आणि तरी चिप्स सावकाश झिरपत असतील, तर पुढची शंका ब्लाइंडवर. इथे कोणीच जिंकत नाही. प्रत्येक वेळी पत्ते टाकले तरी सहा जणांच्या टेबलावर दर शंभर डावांना २५ बिग ब्लाइंड जातात. प्रश्न फक्त कमी कसे जातील एवढाच.

स्मॉल ब्लाइंडला ३००च्या रेझवर कॉल म्हणजे २५० घालून ७०० साठी खेळणं, ३५.७ टक्के हवेत, मागे बिग ब्लाइंड जागा आहे आणि फ्लॉपनंतर आधी बोलायचं तुम्हीच. म्हणून तिथून एक तर पुन्हा रेझ, नाहीतर फोल्ड. वरचा एक्का-नव्वीचा डाव इथलाच. बिग ब्लाइंडला तोच रेझ आला तर २०० घालून ६५० साठी, ३०.८ टक्के, आणि मागे कोणी नाही. बटनवरून आलेल्या रेझवर तिथून थोडी जास्त पानं खेळता येतात, पहिल्या सीटवरून आलेल्या रेझवर नाहीत.

बिग ब्लाइंडची वेगळी नोंद ठेवा: डाव सुरू होण्याआधीचा स्टॅक आणि संपल्यावरचा, फक्त त्याच सीटचा. तीन हजार डावांत ही सीट साधारण ५०० वेळा येते, आणि काहीही न करता प्रत्येक वेळी फोल्ड केलं असतं तर बरोबर ५०० बिग ब्लाइंड गेले असते. तुमचा तोटा त्याहून बराच जास्त निघाला, तर पुढचे हजार डाव या सीटवरून बटनव्यतिरिक्त कोणाच्याही रेझला फक्त जोड्या, एका सूटची चित्रं आणि एक्का-राणीच्या वरची पानं खेळा, आणि मग पुन्हा मोजा.